सह्यांची वही

१६ जानेवारी

ही वही मला नोरीनने दिली. दिली म्हणजे टेबलावरून सरकवली, मांजरापुढे ताटली सरकवावी तशी. म्हणाली, "दारांना बुक्के मारण्यापेक्षा यात लिहीत जा काहीतरी. दारं माझ्याकडे मोजकीच आहेत."

टोमणा मला कळला. गेल्या महिन्यात माझा आसऱ्याचा अर्ज फेटाळल्याचं पत्र आलं, तेव्हा मी दुसऱ्या मजल्यावरच्या दाराला भोक पाडलं होतं. आता अपील चालू आहे आणि भोकावर पुठ्ठा चिकटवलाय.

वही सह्यांची आहे, जास्तीची उरलेली. पानापानावर छापील रकाने: नाव, खोली, सही. समुद्रकाठच्या या बंद पडलेल्या हॉटेलात आम्ही नव्वद माणसं आयर्लंड सरकारच्या उत्तराची वाट बघत राहतो, आणि रोज सकाळी खाली जाऊन नोरीनसमोर असल्याच वहीत सही करतो. तीन दिवस सही चुकली की खाट गेली. नोरीन चष्म्यावरून बघत बसलेली असते. तुरुंगाच्या फाटकावर बसायला जन्मलेली बाई, चुकून हॉटेलात आली.

लिहिण्याजोगं आज घडलं. जेवणाच्या हॉलमध्ये सरकारची नवी सूचना लागली. ज्यांचं मूल इथं आयर्लंडात जन्मलंय आणि जे त्या मुलासह इथंच सलग राहताहेत, अशा आईबापांनी ३१ मार्चच्या आत अर्ज करावा. राहायचा परवाना मिळेल. आधीचा अर्ज फेटाळलेला असला तरी चालेल.

हॉलमध्ये बायका नाचायला लागल्या. कुणी पातेल्यावर पळीने ठेका धरला. कॅमेरूनची जुळ्यांची आई तर टेबलावर चढली. मी नाचत नव्हतो, कारण मी सिमीकडे बघत होतो. (मी नेहमी सिमीकडेच बघत असतो. वही माझी आहे, इथे खोटं कशाला लिहू.) सिमीने सूचना वाचली, परत पहिल्यापासून वाचली, आणि कठड्याला हात न लावता जिना चढून वर निघून गेली.

तिची मुलगी इथलीच जन्मलेली आहे. पण ती इथे नाही.

२३ जानेवारी

सिमीला कुणी सिमी म्हणत नाही. आमच्यात बाईला मूल झालं की तिचं नाव संपतं. ती 'तिवाची आई' आहे. फक्त मी सिमी म्हणतो, तेही मनात.

तिवा इथल्या दवाखान्यात जन्मली. बाप लंडनला गेला तो गेलाच. दोन वर्षांपूर्वी इथल्या कोर्टाने ठरवलं की मूल इथलं असलं म्हणून आईबापाला राहता येईलच असं नाही. त्यानंतर एका सकाळी पोलिसांची गाडी आली आणि शेजारच्या खोलीतलं कुटुंब शाळेच्या गणवेशातल्या मुलासकट घेऊन गेली. सिमीने ते खिडकीतून पाहिलं. तिने तिवाला सहा महिन्यांची असताना मायदेशी, अबेओकुटाला आपल्या आईकडे पाठवून दिलं. मला न्यायला आले तर न्या, माझं पोर त्या गाडीत बसायला नको, एवढाच तिचा हिशेब.

त्यात आम्हाला कुणाला वावगं वाटलं नाही. पहिलं नातवंड आजीकडेच वाढतं. मी स्वतः सात वर्षांचा होईपर्यंत आजीला आई समजत होतो आणि आईला शहरातून येणारी पाहुणी. पण इथल्या लोकांना हे सांगून बघा! सिमीने सांगितलं तेव्हा नोरीन नुसती बघत राहिली होती. त्या बघण्याचा अर्थ मला चांगला कळतो: काय ही आई!

तिवाचा पाळणा अजून सिमीच्या खोलीत आहे. अकरा महिने झाले, नोरीनला तो परत न्यायचाही आळस.

६ फेब्रुवारी

फोनच्या खोक्यात सिमी, बाहेर मी. परदेशी फोन करायच्या कार्डावरचे आकडे मी तिला वाचून दाखवतो, हे माझं काम. तिची आई इतकी मोठ्याने बोलते की फोन नसता तरी अबेओकुटाहून ऐकू आलं असतं.

"आता आठवली होय पोरगी?"

"आई, तसं नाही. नियम बदलला."

"नियम बदलला म्हणून आई झालीस? तुला पोर हवंय की कागद?"

"आई!"

"ती रात्री माझं पोट धरून झोपते, ठाऊक आहे? 'आई' कुणाला म्हणते, ठाऊक आहे?"

कार्डावरची मिनिटं जात राहिली. मग म्हातारीच नरम आवाजात म्हणाली, "जेवतेस ना गं नीट? तिकडे म्हणे नुसते बटाटेच घालतात."

खोक्यातून बाहेर आल्यावर सिमीने पदराने डोळे पुसले. पदर म्हणजे डोक्याचा रुमाल. मी म्हटलं, "मी बोलू का तुझ्या आईशी? मी समजावतो."

"तू?" ती हसली. रडता रडता हसली! "तू समजावलंस तर ती फोनच फोडेल, दोतुन. तू माझ्या धाकट्या भावासारखा आहेस अगदी. तोही असाच, आधी हात, मग डोकं."

भावासारखा म्हणाली ते चारचौघांत होतो म्हणून. बाईमाणसाला सगळं उघड थोडंच बोलता येतं?

२० फेब्रुवारी

आज ओसारोचं नाक फोडलं. ओसारो माझ्या खोलीतला, बेनिनचा, तोंडाने घाण. जेवताना सगळ्यांसमोर म्हणाला, "दोतुन हुशार आहे बरं का! कॉलेज अर्धवट सोडलं तरी गणित पक्कं. तिवाच्या जन्मदाखल्यावर बापाचा रकाना मोकळा आहे. हा त्यात बसला की आईबरोबर यालाही परवाना. याला प्रेम झालंय ते बाईवर नाही, रकान्यावर!"

कॉलेज मी सोडलं नाही. कॉलेजातल्या टोळीने वर्गात कोयता आणला आणि मी एकट्याने त्यांच्याशी भांडलो, म्हणून मला देश सोडावा लागला. पण हे ओसारोला कशाला सांगायचं, म्हणून बुक्का मारला.

नोरीन आली. ओसारोच्या नाकाला बर्फ, माझ्या नावापुढे लाल खूण. "अजून एक खूण झाली की तुझी बदली दुसऱ्या केंद्रात," म्हणाली. "आणि बर्फ तुझ्याही बोटांना लाव, मूर्खा."

मग मी तसाच सिमीच्या दाराशी गेलो. म्हटलं, "मला कागद नको. दाखल्यावर माझं नाव नको. तुझा परवाना आला की मी तुझ्याशी लग्न करणार. माझं अपील हरलं तरी चालेल."

ती माझ्या सुजलेल्या बोटांकडे बघत होती. म्हणाली, "३१ मार्च होऊ दे, दोतुन. त्याच्या आधी माझ्या डोक्यात दुसरं काही शिरत नाही."

३१ मार्चनंतर! म्हणजे तारीख सुद्धा दिली. आज मला झोप कसली लागतेय.

८ मार्च

म्हातारी कबूल झाली. फोलाके आंटी स्वतःच्या आईच्या दफनासाठी लागोसला गेली आहे; परत येताना ती तिवाला आणणार. आंटी पूर्वी इथेच राहायची, तिला केव्हाच कागद मिळालेत, आता डब्लिनमध्ये कापडं विकते. नेतानाही तिवाला तिनेच नेलं होतं. तिवाचा पासपोर्ट आयरिश आहे, तिला कुणी अडवू शकत नाही. वीतभर पोरीला जे जमतं ते तिच्या आईला जमत नाही. सिमी विमानतळावर सुद्धा जाऊ धजत नाही.

उरले तेवीस दिवस. सिमी दिवसातून दहादा बोटांवर मोजते. पाळण्याच्या दांड्या पुसते. मी तिला शहरातून लाल मोजे आणून दिले. ती म्हणाली, "हे तिला आता बोटात सुद्धा जायचे नाहीत रे. एकोणीस महिन्यांची झाली ती." आणि मोजे हातात घेऊन कितीतरी वेळ बसली.

११ मार्च

आज सिमी वकिलाकडे जाऊन आली. फुकटचा सरकारी वकील. मी बसथांब्यावर थांबलो होतो. उतरली तेव्हा डोळे लाल. काय म्हणाला विचारलं तर म्हणते, "सगळं त्या वहीवर आहे, दोतुन. नोरीनच्या वहीवर. रोजचं तिच्यात लिहिलेलं असतं ना, त्यावरून इथल्या ऑफिसने पत्र द्यायचं. वकील म्हणतो—"

वकील काय म्हणणार! माझं डोकंच फिरलं. रोज सकाळी मी सही करतो तेव्हा माझ्या बाजूने उलटं का होईना पण दिसतं ना: आईच्या नावाखाली मुलाचं नाव असतं, आणि तिवाच्या नावापुढे नोरीन रोज पेन्सिलीने काहीतरी खरडते. तेरा महिने, रोज. म्हणजे मूल इथे नाही याची रोजची नोंद! या तुरुंगवाल्या बाईने पुरावा गोळा करून ठेवलाय, आणि आता तोच सरकारला पाठवणार.

"तू काळजी करू नको," मी सिमीला म्हटलं. "ती वही बोलणार नाही."

"अरे, ऐकून तर घे. वकील म्हणतो—"

"वकिलाचं काय जातंय! मी बघतो."

ती थकली होती. तिने कपाळाला हात लावला आणि आम्ही न बोलता चढ चढून आलो. वाटेत एकदा तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला.

१७ मार्च

झालं. 

आज इथला मोठा सण. सगळं गाव हिरवं. खालच्या रस्त्यावरून मिरवणूक जाते, ढोल, पिपाण्या, ट्रॅक्टरवर बसलेली पोरं. हॉटेलातली झाडून सगळी माणसं पायऱ्यांवर. नोरीनही टेबल सोडून दारात उभी होती, कॅमेरूनच्या जुळ्यांपैकी एक कडेवर, हिरवी टोपी त्याच्या डोक्यावर घालून त्याला हात हलवायला शिकवत होती. ढोंगी.

सह्यांच्या वह्या किल्ल्यांच्या फळीखाली असतात. गेल्या वर्षाची आणि या वर्षाची, दोन्ही उचलल्या. धुण्याच्या पिशवीत घातल्या, वर दोन चादरी. मागच्या दाराने धक्क्यावर. भरती होती. धक्क्यावर चिटपाखरू नाही, सगळे मिरवणुकीला. पिशवीत तीन दगड घातले, गाठ मारली, आणि दिली फेकून. एक मोठा बुडबुडा आला, आणि संपलं.

परत आलो तेव्हा सिमी पायऱ्यांवर होती. तिने विचारलं, "कुठे होतास? घामाने भिजलायस." मी म्हटलं, "तुझं एक काम करून आलो." तिला वाटलं मी चेष्टा करतोय.

मी बुद्धीचा नाही असं कॉलेजात म्हणायचे. म्हणोत.

१९ मार्च

तिवा आली.

फोलाके आंटी टॅक्सीतून उतरली ती ओरडतच. "घ्या आपली राजकन्या! सहा तास माझ्या मांडीवर मुतली, सातव्या तासाला माझ्या केसांत भात कालवला!" तिच्या काखेत तिवा. कमरेला आजीने घातलेले निळे मणी, कानात बारीक सोनं, आणि डोळ्यांत सगळ्या जगाचा संशय.

सिमी पायरीवर गुडघे टेकून बसली. हात पसरले. "तिवा. तिवालादे. ये, मी तुझी आई."

तिवाने आंटीच्या गळ्यात तोंड खुपसलं आणि असा टाहो फोडला की समुद्रावरचे पक्षी उडाले. सिमीने घ्यायला बघितलं तर तिने सिमीच्या हनुवटीवर चापट मारली. आजीला हाका मारत राहिली. "आई! आई!" ती आजीला आई म्हणते. सिमी तिच्यासमोर उभी होती आणि पोर आईसाठी रडत होतं.

तासभर असंच. बिस्किट नाही, बाहुली नाही, पाळण्यात ठेवलं तर दांड्या धरून किंचाळणं. शेवटी आंटीच्या बॅगेतून एक जुनं निळं कापड निघालं, आजीचं, ज्यात तिने तेरा महिने पोरीला पाठीशी बांधलं ते. न धुतलेलं. आजीने मुद्दाम न धुता पाठवलेलं. सिमीने वाकून तिवाला पाठीवर घेतलं, ते कापड गच्च गुंडाळलं, छातीवर गाठ मारली. तिवाने कापडात नाक खुपसलं. एकदा हुंदका दिला. मग गाल टेकला. सिमी लांबलचक गॅलरीत येरझाऱ्या घालत राहिली, आणि आम्ही सगळे भिंतींना चिकटून श्वास धरून उभे.

नोरीनही होती. चष्मा काढून पुसत होती. धूळ फार झालीय या हॉटेलात.

२१ मार्च

मी काय केलंय ते मला आज कळलं.

सकाळी सिमी तिवाला पाठीशी बांधून खाली गेली, पत्र मागायला. मी मागे उभा. नोरीन म्हणाली, "वह्या सापडत नाहीत. शुक्रवारपासून शोधतेय. मॅनेजर म्हणतो, वही नाही तर पत्र नाही. मी काय लिहू, कशावरून लिहू?"

सिमीचा चेहरा राखेसारखा झाला. "पण मग मी इथे होते हे कशावरून दाखवायचं?"

मला वाटलं ती घाबरून भलतंच बोलतेय. तिला बाजूला घेतलं, हळूच म्हटलं, "बरंच झालं की. तिवा नव्हती याचा पुरावाच गेला."

"कसला पुरावा?" ती म्हणाली. "दोतुन, तिवा आजीकडे होती हे मी शपथेवर लिहूनच देणार आहे! वकिलाने तेच सांगितलं. लपवायचं नाही. मुलगी का पाठवली ते खरं सांगायचं, आता ती परत आली हे दाखवायचं. पण मी स्वतः एक दिवस सुद्धा देश सोडला नाही, हे सिद्ध झालं पाहिजे. नाहीतर म्हणतील, ही पण तिकडेच जाऊन राहिली होती, आता कागदासाठी आली. माझ्याकडे ना नोकरी, ना घरभाड्याची पावती. माझ्या नावाचं या देशात दुसरं काय आहे? त्या सह्या होत्या. रोजच्या. तेच सांगत होते ना तुला बसथांब्यावर!"

पाठीवरची तिवा माझ्याकडे टक लावून बघत होती.

वह्या मीच टाकल्या हे सांगायची हिंमत झाली नाही.

२२ मार्च

ओहोटीला धक्क्याखाली गेलो. गुडघाभर चिखल. एक सायकल मिळाली, एक बूट, खेकड्यांचा पिंजरा. पिशवी नाही. पाणी बर्फासारखं. वर उभा राहून ओसारो विचारत होता, "काय रे, अंगठी पडली का लग्नाची?" मी दगड फेकला, लागला नाही.

नऊ दिवस उरलेत. त्यातले चार ईस्टरच्या सुट्टीत जाणार.

२४ मार्च

सांगितलं.

आधी सिमीला सांगणार होतो. दारापर्यंत गेलो. आत ती तिवाला भात भरवत होती आणि तिवा पहिल्यांदाच तिच्या हातून खात होती. मी मागे फिरलो आणि खाली गेलो.

नोरीन नवीन वहीवर पट्टीने रेघा मारत होती. मी म्हटलं, "वह्या मी घेतल्या. समुद्रात टाकल्या." मला वाटलं ती ओरडेल, पोलिसांना फोन लावेल. मी मुठी आवळूनच उभा होतो.

तिने पट्टी खाली ठेवली. "का?"

"तुम्ही तिवाच्या नावापुढे रोज लिहायचात म्हणून. मूल नाही म्हणून."

"काय लिहायचे मी, वाचलंस कधी?"

"उलटं दिसायचं."

तिने नवीन वही माझ्या बाजूला फिरवली. १८ मार्चचं पान, तिवा यायच्या आदल्या दिवसाचं. तिवाच्या नावापुढे पेन्सिलीत: 'आजीकडे. आईने दोनदा फोन केला. उद्या येणार.'

"रोज असंच?" मी विचारलं.

"रोज. फोन त्या खोक्यातूनच करायची ना, माझ्या समोर. जिने दिवसाआड पोरीला फोन केला तिने पोरीला टाकलं, असं कुणी म्हणू नये म्हणून लिहून ठेवत होते. आणि नाव खोडलं असतं तर नियमाने पाळणा परत घ्यावा लागला असता. ती त्या पाळण्याशी बोलायची, मी जिन्यावरून ऐकलंय."

मला कुठेतरी बुक्का मारायचा होता. जवळपास माझ्याशिवाय मारण्याजोगं काही नव्हतं.

"आता?" मी म्हटलं.

"आता मी शपथेवर लिहून देईन. तेरा महिने रोज सकाळी या बाईला माझ्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून. पण पहिला प्रश्न येईल, वह्या कुठे गेल्या? तिनेच नाहीशा केल्या असं म्हणतील. त्यामुळे तुलाही लिहून द्यावं लागेल. तू चोरल्यास, तिने सांगितलं नव्हतं, तिला माहीतही नव्हतं." तिने चष्मा काढला. "नीट ऐक, नेहमीसारखं अर्धं नको. हे तुझ्याही फाइलला लागेल. तुझं अपील चालू आहे. सरकारी वहीचा चोर म्हणून उद्या तुझं नाव त्यांच्यासमोर असेल. मी तुला लिही म्हणणार नाही."

"कागद द्या," मी म्हटलं.

"आज नाही. सुट्टी संपल्यावर, वकिलासमोर. चार दिवस विचार कर."

मी आयुष्यात एका गोष्टीचा चार दिवस विचार केलेला नाही.

२६ मार्च

सिमीला सांगितलं. तिने मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं?"

"तुझ्यासाठी केलं."

"माझ्यासाठी करायचं होतं तर माझं ऐकून घ्यायचं होतंस. दोन मिनिटं. वकील म्हणतो, एवढंच माझं वाक्य झालं होतं, आठवतं?"

दार हळूच लावलं, तिवा झोपली होती म्हणून.

२७ मार्च

ईस्टर. हॉलमध्ये मेंढीचं मटण, तिखटाशिवाय. फोलाके आंटीने पाठवलेली सुकी मिरची बायका चोळीतून काढून एकमेकींना देत होत्या, कारण बाहेरचं खाणं आणायला बंदी. नोरीनने पाहिलं आणि मान फिरवली. आजवर मला वाटायचं तिला दिसत नाही.

सिमी दूरच्या टेबलावर. मी एकटा जेवलो. ओसारो स्वतःहून समोर येऊन बसला, त्याच्या नाकावर अजून पट्टी. "खा रे," म्हणाला. "लोक म्हणतात तू रकाना नाही मागितलास, उलट स्वतःचा खोडून घेतोयस. मी माझं बोलणं मागे घेतो. नाक मात्र मागे घेता येत नाही."

२९ मार्च

वकिलाचं ऑफिस उघडायच्या आधी आम्ही तिघं दारात. म्हणजे चौघं, तिवा पाठीवर. नोरीनने शपथ घेतली. तेरा महिने रोज पाहिलं, एकही सकाळ चुकली नाही. वकिलाने विचारलं, "तुमचे वरिष्ठ याला तयार आहेत?" नोरीन म्हणाली, "वरिष्ठ सकाळी दहाला येतात. सह्या आठला होतात."

मग मी. वकिलाने माझं लिहिलेलं वाचून दाखवलं. ऐकताना ते दुसऱ्याच कुण्या गाढवाबद्दल वाटत होतं. सही करायच्या आधी सिमीने माझा हात धरला. कितीतरी दिवसांनी माझ्याकडे नीट बघितलं.

"दोतुन, याने तुझं काय होईल ते कळलंय ना तुला?"

"३१ मार्च होऊ दे," मी म्हटलं. "त्याच्या आधी माझ्या डोक्यात दुसरं काही शिरत नाही."

तिने हात सोडला. मी सही केली.

३१ मार्च

टपालावर भरवसा नको म्हणून सिमी सकाळच्या बसने स्वतः डब्लिनला गेली, तिवाला घेऊन. मला हॉटेल सोडायची मनाई, मॅनेजरने पोलिसाला बोलावलंय. कोवळा पोलीस होता, नोरीनच्या हातचा चहा पिऊन सगळं लिहून घेऊन गेला.

ऑफिस चारला बंद होणार. बस अडीचला पोचते. वाटेत एक पूल दुरुस्तीला आहे असं कुणीतरी म्हणालं. अडीच वाजले. तीन वाजले. मी फोनच्या खोक्याशी, नोरीन टेबलाशी, कॅमेरूनची आई जिन्यावर, ओसारो दारात. सव्वातीन. साडेतीन. जुळ्यांपैकी एक रडायला लागला तर सगळे त्याच्यावरच ओरडले.

चारला पाच कमी असताना टेबलावरचा फोन वाजला. नोरीनने उचलला, "हं" म्हणाली, "हं, हं," आणि खाली ठेवला.

"शिक्का पडला," म्हणाली. "साडेतीनला. तिवाने रांगेत साहेबाचा पेन पळवला, म्हणून तिला आधी घेतलं."

१२ एप्रिल

माझी बदली झाली. देशाच्या मधोमध कुठेतरी, पूर्वीच्या एका आश्रमात. उद्या सकाळची गाडी. नोरीनलाही टेबलावरून काढून धुण्याच्या खोलीत टाकलंय. म्हणते, तिथे ऊब असते, गुडघ्यांना बरं. तिला आवडलेलं दिसतंय.

संध्याकाळी सिमी दाराशी आली. मेणकागदात गुंडाळलेला तळलेला मासा आणि मिरची. कुठे तळला ते विचारलं नाही. "वाटेत खा," म्हणाली. "आणि तिकडे कुणाला मारू नको."

मी ३१ मार्चचं काढणार होतो. पण तिवा पाठीवरून खाली वाकून सिमीच्या कानात काहीतरी सांगत होती, आणि सिमी सगळं सोडून तिचं ऐकत होती. तिवा तिला 'आई' म्हणाली. मी बॅग बांधायला लागलो.

२ ऑगस्ट

इथे समुद्र नाही. गायी आहेत. टेबलावर एक माणूस बसतो, तो मान वर करून बघत नाही. कुणाचीही सही कुणीही केली तरी त्याला कळणार नाही.

आज फोन आला. सिमीला परवाना मिळाला! तीन ओळींचं पत्र, तिने मला शब्द न् शब्द वाचून दाखवलं. दोन वर्षं राहता येईल, काम करता येईल. फोलाके आंटीच्या दुकानात कापडं मोजायला जाणार, डब्लिनला खोली बघितलीय. पाळणा नोरीनने गाडीत घालून दिला, म्हणाली, मोडका आहे, वहीत नोंद नाही. मागून तिवा काहीतरी गात होती.

मी विचारलं, "आणि ३१ मार्चनंतरचं ते?"

ती म्हणाली, "दोतुन, तू माझ्यासाठी जे केलंस ते मी मरेपर्यंत—" आणि मग म्हणाली, "अरे, कार्ड संपत आलंय. जप हं स्वतःला." आणि फोन बंद झाला.

ही कार्डं अशीच. अर्धा तास लिहितात, अकरा मिनिटं देतात. नवीन घेतलं की करेल. डब्लिनला दुकानात सगळ्या तऱ्हेची मिळतात.

माझं अपिलाचं पाकीटही दुपारच्या टपालाने आलंय. गादीखाली ठेवलंय. आजचा दिवस तिचा आहे, तो तिचाच राहू दे.

खाली जाऊन आजची सही केली. रकाना भरून, मोठ्या अक्षरांत, खालची रेघ ओलांडून. टेबलावरच्या माणसाने पहिल्यांदा मान वर केली. म्हणाला, "एवढी मोठी कशाला?"

म्हटलं, "कुणी शोधायला आलं तर उलट बाजूनेही वाचता आली पाहिजे."